बांधाच्या आतलं टोकियो

जून महिन्यात टोकियोत सूर्य पहाटे साडेचारच्या आतच उगवतो. जपानची प्रमाणवेळ १३५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, टोकियो त्याच्याही जवळजवळ पाच अंश पूर्वेला, आणि उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे ढकलायची पद्धत इथे नाही. त्यामुळे पाच वाजता खिडकीतून लख्ख ऊन येतं. आप्पांना हा स्वतःचा अपमान वाटला. सत्तर वर्षं सूर्याच्या आधी उठलेला माणूस. पहिले दोन दिवस त्यांनी विमानप्रवासाला दोष दिला. तिसऱ्या दिवशी आंघोळ उरकून, टोपी घालून, छत्री काखेत मारून दारात उभे. "बाय, इथला सूर्य काही ऐकायचा नाही. चल, निदान वस्ती तरी दाखव."

वस्ती मलाही नवीनच होती. निशी-कासाईत राहायला येऊन आम्हाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि घर, स्टेशन, लेकीची शाळा आणि डाळ-तांदळाचं दुकान या चौकोनाबाहेर मी पाऊल टाकलं नव्हतं. टोकियोच्या पूर्व टोकाला एदोगावा नावाचा प्रभाग आहे, सुमारे सात लाख वस्तीचा. त्याच्या दक्षिण भागातलं हे एक उपनगर. २००० साल उजाडताना जगभरचे संगणक कोलमडतील अशी जी धास्ती होती, त्या कामासाठी आलेले भारतीय अभियंते इथे स्थिरावले आणि मग वस्ती वाढत गेली. इथेच का, याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. तोझाई मेट्रो इथून निहोनबाशी, ओतेमाची या बँकांच्या भागात गाडी न बदलता नेते. शिवाय स्टेशनालगतच्या यू. आर. या निमसरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत घर घ्यायला जपानी जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला 'आभाराचे' म्हणून परत न मिळणारे पैसेही द्यावे लागत नाहीत. परक्या देशात घर शोधलेल्या कुणालाही या दोन सवलतींची किंमत सांगायला नको. एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ याच प्रभागाच्या सभेवर निवडून आले; जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे उमेदवार. आप्पांना हे मी मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "बरं. पण इथे पाणी कुठे जातं?"

आमचं गाव अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठाला. खारजमिनीतली भातशेती. उधाणाची भरती शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध, त्याला बाहेरकाठा म्हणतात, आणि त्या बांधात पावसाचं पाणी बाहेर काढायला ठेवलेली उघाडी, एवढ्यावर गावाचं पोट अवलंबून. त्यामुळे आप्पा कुठल्याही नव्या गावात गेले की देवळाच्या आधी गटार बघतात. पुण्यात माझ्या सासरी पहिल्यांदा आले तेव्हाही त्यांनी व्याह्यांना अंगणातल्या उतारावरून काहीतरी ऐकवलं होतं.

आम्ही पश्चिमेला निघालो. रस्त्यावर कावळे आणि आम्ही. कचऱ्याच्या पिशव्यांवर टाकलेली जाळी एक कावळा चोचीने उचलून बघत होता, अगदी बाजारातल्या बाईने मेथीची जुडी उचलून बघावी तसा. दहा-पंधरा मिनिटं चाललं की घरं संपतात आणि समोर गवताचा उंच उतार आडवा येतो. त्याच्यापलीकडे काय आहे ते खालून दिसत नाही. फक्त आभाळ दिसतं. पायऱ्या चढून वर गेलो आणि पलीकडे पाणी. आधी नाकागावा नदी, मग मधोमध एक लांबलचक बांध, त्याच्यावर खांबांवरून गेलेला द्रुतगती मार्ग, आणि त्याच्याही पलीकडे अराकावा. दूर उत्तर-पश्चिमेला ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री मनोरा. डावीकडे लोखंडी पुलावरून मेट्रोची पहिली एखादी गाडी खडखडत गेली. दोन्ही नद्या एकदम ओलांडणारा हा पूल सुमारे सव्वा किलोमीटर लांब आहे.

आप्पांनी यातलं काहीच बघितलं नाही. त्यांनी आधी नदी बघितली, मग मागे वळून आम्ही आलो ती गल्ली बघितली. मग काखेतली छत्री काढून दोन्ही हातांत आडवी धरली, डोळ्यांच्या रेषेत, आणि एक डोळा मिटून तिच्यावरून पाहिलं. नदीकडे एकदा, घरांकडे एकदा. शेजारून जाणाऱ्या कुत्रावाल्या बाईंनी वाकून "ओहायो गोझाइमास" म्हटलं, तरी छत्री खाली आली नाही.

"अगं, नदी वर आहे. घरं खाली आहेत."

दोन महिने मी त्या घरांत राहत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं होतं. घर घेताना प्रभाग कार्यालयातून मिळालेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक नकाशा होता, तो मी ड्रॉवरमध्ये ठेवून दिला होता. त्या नकाशाकडे नंतर येते.

बांधाजवळच्या एका खांबावर पाण्याच्या पातळ्या दाखवणारी पट्टी आहे. तिच्यावर ए. पी. अशी अक्षरं आणि पुढे मीटरचे आकडे. ए. पी. ० म्हणजे ओहोटीचं पाणी जवळपास जिथवर उतरतं ती पातळी. मोठ्या भरतीची पातळी ए. पी. अधिक २.१ मीटर. १९४९ च्या 'किटी' वादळात समुद्र चढला तो ए. पी. अधिक ३.१५ मीटरपर्यंत. हे ए. पी. म्हणजे अराकावा पेल, आणि यातला 'पेल' हा शब्द जपानी नाही, डच आहे. डचांच्या भाषेत पाण्याच्या पातळीला तसं म्हणतात. मेजी राजवटीने १८७० च्या दशकात नद्या आणि बंदरं सुधारायला डच अभियंते पगारी बोलावले. त्यांतल्या लिंडो नावाच्या अभियंत्याने नद्यांच्या मुखांशी पातळी मोजायच्या पट्ट्या बसवण्याचं काम केलं आणि १८७३ पासून टोकियोचं पाणी या मापाने मोजलं जाऊ लागलं. दीडशे वर्षं झाली, अभियंते गेले, शब्द राहिला. मुंबई महापालिकेच्या पर्जन्यवाहिन्यांच्या नकाशांतही उंची 'टाऊन हॉल डेटम' या मापाने लिहितात, म्हणजे एशियाटिकच्या पायऱ्यांवर आपण बसतो त्याच टाऊन हॉलच्या नावाने. शहराला पाण्याची भीती कधी वाटू लागली हे अशा नावांवरून बरोब्बर कळतं.

एदोगावा प्रभागाची सुमारे ७० टक्के जमीन मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. साऱ्या पूर्व टोकियोचा हिशेब केला तर भरतीच्या पातळीखालची जमीन सुमारे १२४ चौरस किलोमीटर भरते आणि त्यातली साडेएकतीस चौरस किलोमीटर ओहोटीच्याही पातळीखाली आहे. आप्पांना मी आकडे वाचून दाखवले तेव्हा त्यांनी पहिल्याला मान हलवली. भरतीखालची जमीन त्यांना घरची. दुसऱ्या आकड्याला मात्र ते थांबले. "ओहोटीच्या खाली? मग उघाडी कशी चालेल?"

इथे उघाडी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण दोन देशांतला फरक त्याच एका वस्तूत आहे. बांधाच्या पोटातून एक मोरी काढतात आणि तिच्या समुद्राकडच्या तोंडाला वरच्या बाजूने टांगलेली लाकडी झडप बसवतात. भरती आली की बाहेरचं पाणीच झडपेला दाबून बंद करतं. ओहोटी लागली, बाहेरची पातळी उतरली, की आत साठलेलं पावसाचं पाणी झडपेला ढकलून बाहेर पडतं. माणसाने काही करायचं नाही. फक्त झडपेत लाकूड, कचरा, मेलेलं कुत्रं अडकलंय का ते बघायचं. गोव्याच्या खाजन शेतीत यालाच मानस म्हणतात. ही व्यवस्था चालते ती दोन गोष्टींच्या जोरावर: जमीन भरतीच्या खाली असली तरी ओहोटीच्या वर असते, आणि आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार-साडेचार मीटरचा फरक पडतो. म्हणजे दिवसातून दोनदा चांगले काही तास पाण्याला उतार मिळतो. टोकियोच्या आखातात हा फरक जेमतेम दोन मीटर. आणि जमीनच ओहोटीच्या खाली गेली असेल तर झडप कधी उघडणारच नाही. चोवीस तास बाहेरचं पाणी वरचढ.

म्हणून इथे पंप आहेत. गल्लीत पडलेला पावसाचा थेंब भूमिगत गटारातून पंपघरापर्यंत उतरतो आणि तिथून यंत्राने उचलून नदीत किंवा समुद्रात टाकला जातो. पाणी वरून खाली जातं हा नियम या वस्तीत विजेच्या बिलावर चालतो. मुंबईला हे उशिरा कळलं: २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर हाजी अली, इर्ला इथली पंपघरं उभी राहिली, कारण तिथेही भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात. पण मुंबईला ओहोटी झाली की थोडी उसंत मिळते. इथे तीही नाही.

आप्पांचा पुढचा प्रश्न सरळ होता. एवढ्या खाली कुणी गाव वसवतं का?

नाही वसवत. गाव खाली गेलं. मूळची ही नद्यांनी आणलेल्या गाळाची जमीन, सखल खरी, पण समुद्राच्या वर. भातशेती होती, कमळकंदांची तळी होती, सोनमासे पाळायची डबकी होती. एदोगावाचे सोनमासे आजही जपानभर नावाजलेले आहेत. विसाव्या शतकात कारखाने आले आणि त्यांनी जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं. त्यात आणखी एक गोष्ट: या भागाच्या पोटात खारं पाणी आहे आणि त्या पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायू. वायू हवा तर पाणी उपसायचं, वायू वेगळा करायचा. उपसा दुहेरी झाला.

जमीन खचते कशी, हे आप्पांना समजावताना माझी थोडी फजिती झाली, कारण खोल विहिरीतून पाणी काढलं म्हणून शेत खाली गेलं असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याचं कारण असं की कोकणात जांभ्याखाली काळा खडक आहे. खडकातलं पाणी गेलं तरी खडक जागेवर राहतो. इथे शेकडो मीटर खोलवर वाळू आणि चिकणमाती यांचे थर आहेत. पंप पाणी ओढतो तो वाळूच्या थरातून. वाळूतला दाब कमी झाला की वरखालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू तिकडे झिरपतं. चिकणमातीचे कण म्हणजे सपाट पापुद्रे. त्यांच्यामध्ये पाणी होतं तोवर ते एकमेकांपासून अंतर राखून होते. पाणी गेलं, वरचं ओझं आलं, पापुद्रे एकावर एक बसले. आणि एकदा बसले की बसले. नंतर उपसा थांबवला, वाळूत पाणी परत भरलं, तरी माती काही उठत नाही. मराठीत आपण जमीन 'बसली' म्हणतो तो शब्द याला इतका नेमका आहे की मला पुढे काही बोलावंच लागलं नाही.

सगळ्यात जास्त खचण्याची नोंद शेजारच्या कोतो प्रभागातली आहे, एकूण सुमारे साडेचार मीटर. पण एका वर्षातला उच्चांक आमच्या निशी-कासाईच्या नावावर आहे: १९६८ साली, बारा महिन्यांत जवळजवळ २४ सेंटीमीटर. म्हणजे महिन्याला एका बोटाच्या रुंदीएवढी जमीन. लोक झोपलेले असताना, भात लावताना, मुलांना शाळेत सोडताना. इमारती खोलवर खांब रोवून उभ्या, त्या राहिल्या. भोवतालची जमीन उतरली आणि दारापुढे नव्याने पायऱ्या बांधायची वेळ आली. जुन्या विहिरींचे लोखंडी नळ जमिनीतून वर येऊ लागले. ते वर येत नव्हते हे कळायला मोजणी लागली. भूजल उपशावर १९५६ आणि १९६२ च्या कायद्यांनी बंधनं आली. वायूचे खाणहक्क टोकियो महानगर सरकारने १९७२ मध्ये विकत घेऊन उपसा बंद केला. त्यानंतर खचणं जवळपास थांबलं. पण तोवर जायचं ते गेलं होतं.

एवढं होईतो सहा वाजत आले. बांधावर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. आप्पा त्यांच्याकडे असे गेले जणू शेजारच्या गावचे. बादलीत हातभर लांबीचा चंदेरी मासा होता. "जिताडा!" आप्पा म्हणाले. गृहस्थ म्हणाले, "सुझुकी." दोघांनीही मान हलवली. सुझुकी म्हणजे जपानी सीबास. जिताड्याची जात वेगळी, पण दोघेही समुद्रातून खाडीत, खाडीतून नदीत आत शिरणारे, आणि तोंडाची ठेवण अशी की लांबून कुणीही फसावं. आप्पा पुढची दहा मिनिटं मराठीत बोलत होते, ते जपानीत. भाषांतर करावं का असा मला एकदा प्रश्न पडला; गरज नव्हती.

ज्या नदीत तो मासा सापडला ती नदीही माणसांनी खणलेली आहे. बांधावरून बघताना हे पटत नाही, कारण पात्र जवळपास अर्धा किलोमीटर रुंद आहे. १९१० च्या महापुरात टोकियोचा सखल भाग बुडाल्यावर १९११ मध्ये एक नवं, २२ किलोमीटर लांबीचं पात्र खणायला घेतलं. त्याच्या वाटेतली सुमारे तेराशे कुटुंबं उठवली गेली. १९२४ मध्ये पाणी सोडलं, १९३० मध्ये काम पुरं झालं. त्या कामावरचे अभियंते आओयामा आकिरा हे पनामा कालव्यावर काम केलेले एकमेव जपानी. आज नकाशावर याच खणलेल्या नदीला अराकावा म्हणतात आणि मूळच्या अराकावाच्या शहरातल्या भागाला सुमिदा. म्हणजे नवी आली आणि जुनीचं नाव घेऊन बसली.

आम्ही बांधावरून दक्षिणेला, समुद्राच्या दिशेने चालत राहिलो. इथे मला वाटत होतं त्याच्या अगदी उलट निघालं. समुद्रात भराव टाकून केलेली नवी जमीन म्हणजे सगळ्यात सखल, सगळ्यात धोक्याची, असा माझा समज. मुंबईच्या भरावांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला दुसरं काय वाटणार? पण मेट्रोच्या पुलाखालून पुढे सेइशिन-चोच्या दिशेला लागलो तसा रस्ता हळूच चढायला लागला. सेइशिन-चो आणि त्याच्यापुढचं रिनकाई-चो हे १९७२ नंतर भराव टाकून उभारलेले भाग, आणि ते जुन्या गावापेक्षा काही मीटर उंच आहेत. भराव टाकताना समुद्राची पातळी माहीत असते, त्यामुळे हवी तेवढी उंची ठेवता येते. जुन्या गावाला ती संधी मिळाली नाही. परिणाम असा की वाडवडिलांची जमीन बशीच्या तळाशी, आणि काल-परवाची जमीन बशीच्या काठावर.

या भरावामागची एक गोष्ट आप्पांना फार लागली. किनाऱ्याची जमीन खचत गेली तेव्हा ती नुसती ओली झाली नाही, समुद्रात गेली. शेतकऱ्यांच्या नावावरची, खातेफोड झालेली, कर भरलेली जमीन पाण्याखाली. भराव योजनेचा एक हेतू या बुडालेल्या खासगी जमिनी परत वर काढणं हाही होता. "म्हणजे सातबारा पाण्यात," आप्पा म्हणाले, आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेरकाठ्याला खांड पडून खारं पाणी आत शिरलं, कांदळवन वाढलं, आणि कागदावर भातशेती असलेली जागा डोळ्यादेखत खाडी झाली, अशी आमच्या बाजूलाही उदाहरणं आहेत. तिथे बुडालेली जमीन परत वर काढायला कुणी सरकार आलं नाही.

इथेही सगळ्यांना सगळं मिळालं असं नाही. कासाईचा किनारा नोरीसाठी, म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात त्या काळ्या समुद्रशेवाळासाठी प्रसिद्ध होता. थंडीत उथळ पाण्यात काठ्या रोवायच्या, त्यांवर शेवाळ धरतं, ते खुडून, थापून, कागदासारखं वाळवायचं. आखातातलं पाणी बिघडलं, भराव येऊ घातले, आणि १९६२ मध्ये इथल्या मच्छीमारांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले. आता त्या जागी कासाई रिनकाई हे मोठं समुद्रकाठचं उद्यान आहे, १९८९ मध्ये उघडलेलं. त्याच्यापुढे दोन कृत्रिम किनारे. पश्चिमेकडच्यावर माणसांना जाता येतं, पूर्वेकडचा पक्ष्यांसाठी राखलेला आहे. २०१८ मध्ये या पाणथळीला रामसर यादीत जागा मिळाली. आम्ही उद्यानापर्यंत गेलो नाही. आप्पांच्या गुडघ्याने सेइशिन-चोच्या झाडांखालीच एका बाकावर बैठक मारली.

तिथे त्यांनी वहीतलं पान उघडून विचारलं, आपण आलो त्या रस्त्याचं नाव काय. त्यांना गावी सांगायचं होतं. रस्त्याला नाव नव्हतं. जपानमध्ये बहुतेक रस्त्यांना नसतंच. पत्ता रस्त्याचा नसून जमिनीच्या तुकड्याचा असतो. आधी भागाचं नाव, मग 'चोमे' म्हणजे उपभाग, मग चारी बाजूंनी रस्ते असलेल्या चौकटीचा क्रमांक, मग त्या चौकटीभोवती घड्याळाच्या काट्यासारखं फिरत दिलेला घराचा क्रमांक. १९६२ च्या कायद्याने ही पद्धत आली. पत्ता शोधताना रस्त्यावरून सरळ जायचं नसतं, चौकटीला प्रदक्षिणा घालायची असते. आप्पांना हे लगेच कळलं. "गट नंबर," ते म्हणाले आणि वहीत तसंच लिहिलं.

परतताना साडेसहाला एका बागेतून रेडिओचा पियानो ऐकू आला. पंधरा-वीस म्हातारी माणसं आणि एक पोस्टमन हात वर-खाली करत उभी होती. ही रेडिओ-कवायत १९२८ मध्ये टपाल खात्याच्या आयुर्विमा विभागाच्या पुढाकाराने सुरू झाली. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीने रेडिओवरून व्यायाम घ्यायला सुरुवात केली होती, त्यावरून ही कल्पना उचलली. विमेदार जगले तर विमा खात्याचा फायदा, इतका सरळ हिशेब. सध्याच्या पहिल्या कवायतीची चाल १९५१ सालची. आप्पा टोपी सावरत मागच्या रांगेत उभे राहिले आणि सगळ्यांच्या अर्धा ठोका मागे राहून पुरी कवायत केली. शेवटच्या लांब श्वासाला मात्र ते सगळ्यांच्या पुढे होते.

भाजीच्या दुकानासमोर कोमात्सुनाच्या जुड्या उतरवत होते. ही पालेभाजी मूळची याच भागातली. कोमात्सुगावा गावावरून तिचं नाव पडलं. इथल्या मराठी घरांत ती पालकाच्या जागी डाळीत जाते, आणि खरं सांगायचं तर पालकापेक्षा बरी लागते, पाणी कमी सोडते. मी दोन जुड्या घेतल्या. आप्पांनी मुळांची माती बोटांनी चोळून बघितली.

घरी आल्यावर मी ड्रॉवरमधला तो नकाशा काढला. २०१९ च्या मे महिन्यात प्रभागाने काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावर, एदोगावाच्या आकृतीवर, चक्क असं लिहिलं होतं की इथे थांबू नका. नगरपालिकेने आपल्याच रहिवाशांना असं सांगावं याची तेव्हा देशभर चर्चा झाली होती. आतला मजकूर तितकाच रोखठोक: मोठ्या वादळात नद्या आणि समुद्र एकाच वेळी चढले तर काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत पाणी, आणि ते उतरायला एक-दोन आठवडे, कारण बशीतलं पाणी आपणहून जात नाही, पंपांनी काढावं लागतं, आणि पंपघरंही त्याच बशीत. टोकियोच्या पूर्वेकडच्या पाच प्रभागांत मिळून सुमारे २५ लाख माणसं अशा जागी राहतात. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हागिबिस वादळ आलं तेव्हा प्रभागाच्या पश्चिम भागातल्या सुमारे ४ लाख ३० हजार लोकांना घरं सोडण्याचा सल्ला दिला गेला. बांध टिकले.

मी नकाशावर आमची इमारत शोधली. जो रंग होता तो पाच मीटरच्या वरचा. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. आप्पांनी चष्मा लावून सेइशिन-चोवर बोट ठेवलं. ते जवळजवळ पांढरं होतं. मी पारपत्रांची फाइल आणि लेकीची लसीकरणाची वही खालच्या कप्प्यातून माळ्यावर ठेवली. त्याने काही फरक पडणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

साडेनऊला, म्हणजे गावी सहा वाजता, आप्पांनी माझ्या फोनवरून चुलतभावाला फोन लावला. आदल्या रात्रीपासून तिकडे पाऊस धरला होता आणि दोन दिवसांवर अमावास्या. "उधाणाच्या आधी उघाडीवर जाऊन ये," ते ओरडून सांगत होते, टोकियोहून गावापर्यंत आवाज पोचवायचा असल्यासारखे. "झडपेचं खालचं फळकूट गेल्या साली सुटलं होतं. हात घालून बघ. नुसतं वरून बघू नको, हात घाल."